त्या जागेचं आधीचं नाव

२००६ साली मी चाकणजवळच्या एका कारखान्यात दुभाषी होते. पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जपानी शिकले होते, दुसऱ्या पातळीची परीक्षा पास झाले होते, आणि जपानहून आलेल्या अभियंत्यांमागे दिवसभर वही घेऊन फिरत होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला माझं गाव विचारलं. मी सांगितलं, मूळ गाव कोयनेच्या धरणात गेलं, घरचे आता सोलापूर जिल्ह्यात वसाहतीत राहतात. ‘धरणात गेलं’ हे जपानीत सांगायला मला जरा वेळ लागला. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “माझ्या आईचं लहानपण मांशूत गेलं. तेही गाव आता नाही.”

मांशू म्हणजे मांचुरिया, चीनचा ईशान्य भाग. जपानी सैन्य तिथे होतं एवढं मला ठाऊक होतं. पण शेतकरी? बायकामुलं, म्हातारीकोतारी, अख्खं गावच्या गाव तिथे शेती करायला गेलं होतं, हे मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं. आपल्याकडे जपान म्हणजे हिरोशिमा, नेताजी आणि शिस्त. तो अभियंता महिन्याभराने परत गेला. त्याचं ते एक वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलं, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं मी त्याच्याच मागे आहे.

जपान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी मी २००७ मध्ये अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मुलाखतीला बोलावणं आलं. संशोधनाच्या आराखड्यात मी मांचुरियातल्या जपानी शेतकऱ्यांविषयी लिहिलं होतं. एकाने विचारलं, “या विषयाशी तुमच्या देशाचा संबंध काय?” मला उत्तर देता आलं नाही आणि निवडही झाली नाही. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा आला. त्या वेळी मी धरणाची गोष्ट सांगितली. माझा जन्म ज्यांना उठवलं गेलं अशा माणसांच्या घरातला आहे, आणि उठवलेली माणसं दुसरीकडे जाऊन बसतात तेव्हा काय होतं ते मला बघायचं आहे, असं म्हणाले. म्हणाले खरं, पण त्या वाक्याचा अर्धाच अर्थ तेव्हा मला कळला होता. एप्रिल २००९ मध्ये मी ओसाकाला उतरले.

पहिलं वर्ष संशोधक विद्यार्थी म्हणून. या काळात पदवी मिळत नाही, एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायची असते. माझं जपानी कारखान्यात चालायचं, बाजारातही चालायचं. पण मार्गदर्शक सेन्सेईंनी पहिल्याच भेटीत मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) एका अर्जाची प्रत पुढे ठेवली आणि मला एक ओळही लागेना. अक्षरं जुन्या वळणाची, हात न उचलता लिहिलेली, एकातून दुसरं निघणारी. शिवाय भाषा पत्रव्यवहाराची, प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी ‘सोरो’. खोलीवर येऊन मी ते पान तासभर नुसतं बघत बसले. मग एकदम आठवलं की पुण्यात मी दोन महिने मोडीच्या वर्गाला गेले होते. तिथले सर सांगायचे, अक्षर ओळखायला जाऊ नका, हाताची चाल ओळखा. पेन कुठून निघालं आणि कुठे वळलं ते बघा. मी कोऱ्या कागदावर ती ओळ ब्रशने गिरवायला घेतली. पंधरा दिवसांनी ‘सोरो’ दिसायला लागलं. मोडीतल्या ‘असे’ किंवा ‘केले’सारखं ते नुसत्या एका फटकाऱ्यात संपतं. सहा महिन्यांनी मी अर्ज वाचू लागले. परदेशात जाऊन जुने कागद वाचायचे असतील त्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला मी अजूनही आधी मोडी शिकायला सांगते.

आमच्या सेमिनारला तिथे ‘झेमी’ म्हणतात. दर आठवड्याला एकाने मांडायचं आणि बाकीच्यांनी ते उलगडून तपासायचं. माझ्या पहिल्या मांडणीनंतर सेन्सेईंनी एकच प्रश्न विचारला: तू ज्यांना ‘इमिन’ म्हणतेस त्यांना सरकार काय म्हणत होतं? मी गोंधळले. त्यांनी मला ग्रंथालयात नेलं आणि दोन कपाटं दाखवली.

एका कपाटात इमिन, म्हणजे स्थलांतरित. १८६८ मध्ये हवाईला गेलेले सुमारे दीडशे मजूर. १८८५ मध्ये सरकारी करारावर ‘सिटी ऑफ टोकियो’ जहाजातून होनोलुलूला उतरलेले नऊशेहून अधिक लोक. १९०८ मध्ये कोबेहून निघून ब्राझीलच्या सांतोस बंदरात पोचलेल्या ‘कासातो मारू’वरचे ७८१. ही सगळी गरीब, कष्टाळू माणसं, उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत राबलेली, अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने दार लावून घेतलेली. दुसऱ्या कपाटात शोकुमिन, म्हणजे वसाहतवाद. १८९५ ला तैवान, १९०५ ला दक्षिण साखालिन, १९१० ला कोरिया, पहिल्या महायुद्धानंतर दक्षिणेतली बेटं, १९३२ ला मांचुकुओ, म्हणजे मांचुरियात जपानने उभं केलेलं अंकित राज्य. इथे सैनिक, अधिकारी, पोलीस, साखर कंपन्या. दोन्ही विषयांचे अभ्यासक वेगळे, परिषदा वेगळ्या, नियतकालिकंही वेगळी.

“आता सांग,” सेन्सेई म्हणाले, “नागानोचा शेतकरी कुठल्या कपाटात ठेवायचा?”

माझी पुढची सात वर्षं या प्रश्नात गेली. त्यामुळे नागानोबद्दल इथे थोडं सविस्तर लिहिते.

नागानो हा मध्य जपानमधला डोंगराळ प्रांत. शेतजमीन थोडी, घरोघर रेशमाचे किडे. कोश विकून वर्षाचा खर्च चालायचा. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेतली रेशमाची बाजारपेठ ढासळली आणि कोशांचा भाव कोसळला. पण परदेशी जाण्याची यंत्रणा तिथे त्याआधीच उभी होती. १९२२ मध्ये शिनानो परदेश संघ स्थापन झाला. शिनानो हे नागानोचं जुनं नाव. १९२४ मध्ये या संघाने ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात जमीन घेऊन आलियान्सा नावाची वस्ती वसवली. मग १९३४ च्या ब्राझीलच्या राज्यघटनेने येणाऱ्यांवर कोटा घातला आणि ती वाट आक्रसली. त्याच सुमारास मांचुरियाची वाट रुंद होत होती. १९३६ मध्ये मंत्रिमंडळाने वीस वर्षांत दहा लाख कुटुंबं तिकडे पाठवायचं धोरण ठरवलं. प्रत्यक्षात गेले सुमारे २ लाख ७० हजार लोक, आणि त्यांत सगळ्यांत जास्त, ३३ हजारांच्या आसपास, नागानोचे.

मला कागदांत जे दिसत गेलं ते असं. ब्राझीलला माणसं पाठवणारे आणि मांचुरियाला पाठवणारे हात पुष्कळ वेळा तेच होते. शाळेच्या पटांगणातलं व्याख्यान तसंच, पत्रकाची छपाई तशीच, फक्त नकाशा बदललेला. रिक्कोकाई नावाची एक ख्रिस्ती संस्था होती. तिने आधी अमेरिकेला जाणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना मदत केली, मग ब्राझीलची वाट दाखवली, मग मांचुरियाची. टोकियोत १९२९ मध्ये वसाहत मंत्रालय स्थापन झालं, त्याच्याकडे तैवान-कोरियाचा कारभार होता आणि ब्राझीलला जाणाऱ्यांची व्यवस्थाही. मंत्रालयाला दोन कपाटं लागली नव्हती, ती आम्ही अभ्यासकांनी नंतर केली.

या सगळ्यासाठी फिरावं खूप लागलं. टोकियोत अझाबुदाईला परराष्ट्र मंत्रालयाचं दप्तरखानं आहे. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. चिठ्ठी भरायची, बाड येईपर्यंत थांबायचं, दोरी सोडायची, पानं उलटायची, दोरी होती तशीच बांधून परत द्यायची. नागाताचोला संसद ग्रंथालयात राजकीय इतिहासाच्या कागदपत्रांची वेगळी खोली आहे, तिथेही स्थलांतराचे बरेच कागद मिळतात. २००१ पासून सरकारने जुने अभिलेख इंटरनेटवर खुले केलेत, ते मी सोलापुरातसुद्धा बसून वाचलेत. पण सगळं काही मिळत नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास सरकारी आणि लष्करी कचेऱ्यांच्या अंगणात कागद जाळले गेले. कितीतरी बाडांच्या सूचीत नाव असतं आणि आत काही नसतं.

एक बाड मात्र मला अजून स्वस्थ बसू देत नाही. परदेशातल्या वकिलाती आपापल्या शहरातल्या जपान्यांची व्यवसायवार मोजणी करून पाठवायच्या. त्यांत अचानक मुंबई समोर आली. कोबे आणि मुंबईमधली कापसाची जहाजं १८९३ मध्ये सुरू झाली, जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने. पाठोपाठ कापसाच्या पेढ्या आल्या, जपानी वकिलात आली. आणि त्या तक्त्यात कारकून, व्यापारी यांच्याखाली बायकांची एक ओळ होती, तिच्यापुढे जो शब्द होता त्याचा शब्दशः अर्थ ‘घाणेरडा धंदा करणारी’. क्यूशूच्या आमाकुसा आणि शिमाबारा भागांतल्या गरीब घरांतल्या मुली सिंगापूर, रंगून करत कामाठीपुऱ्यापर्यंत आल्या होत्या. पुढच्या सुट्टीत मुंबईला उतरल्यावर मी थेट वरळीच्या जपानी दफनभूमीत गेले. ज्या देशाची मोजणी मी त्यांच्या दप्तरखान्यात बसून वाचत होते, त्याची माणसं माझ्याच राज्यात मातीखाली होती. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर मला असं मिळालं, पण फार उशिरा.

२०१३ मध्ये नागानोच्या आची गावात मांचुरियाच्या वसाहतकारांचं स्मृतिसंग्रहालय सुरू झालं. तिथे परत आलेली म्हातारी माणसं स्वतः उभी राहून आपली हकिगत सांगायची. मी त्या वर्षी तिथे इतक्या वेळा गेले की बसचा चालक मला ओळखायला लागला. त्यातल्याच एका आजींनी मला घरी बोलावलं. पहिल्या तीन भेटींत त्या फक्त लोणच्याबद्दल बोलल्या. मी टेपरेकॉर्डर पिशवीतून काढलाच नाही, त्यांच्याबरोबर नोझावानाची पानं धुवायला बसायचे. चौथ्या भेटीत त्यांनी आपण होऊन सुरुवात केली.

त्या नऊ वर्षांच्या होत्या. ९ ऑगस्ट १९४५ ला सोव्हिएत फौजा सरहद्द ओलांडून आल्या. गावातले धडधाकट पुरुष त्याआधीच भरतीत उचलले होते. या भरतीला ‘नेकोसोगी’ म्हणतात, मुळासकट उपटून काढलेली. ज्या सैन्याच्या भरवशावर ही गावं वसवली ते दक्षिणेकडे निघून गेलं होतं. बायका, मुलं आणि म्हातारे मक्याच्या शेतांतून रात्री चालत राहिले. त्यांच्या आईने धाकट्या भावाला एका चिनी कुटुंबाकडे दिलं, कारण तो चालू शकत नव्हता. “दिलं,” आजी म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. सुमारे ८० हजार वसाहतकार त्या काही महिन्यांत उपासमारीने, आजाराने, हल्ल्यांत किंवा स्वतःच्याच माणसांच्या हातून मेले. मागे राहिलेल्या मुलांना आपलं खरं नाव शोधायला जपान आणि चीनचे संबंध १९७२ मध्ये जुळेपर्यंत वाट पाहावी लागली. नातेवाइकांच्या शोधात पहिली तुकडी जपानला आली ती १९८१ साली. आजींचा भाऊ त्यांत नव्हता.

काही गोष्टींना शब्द मिळायला त्याहूनही जास्त वेळ लागला. गिफू प्रांतातल्या कुरोकावाहून गेलेल्या तुकडीने बाकीच्यांचा जीव वाचावा म्हणून गावातल्या अविवाहित मुली सोव्हिएत सैनिकांच्या हवाली केल्या. परतल्यावर त्याच मुलींना गावात टोमणे ऐकावे लागले. १९८२ मध्ये त्यांच्यासाठी एक स्मारक उभं राहिलं, पण त्यावर घडलेलं काहीच लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलेला फलक लागला २०१८ साली. मी तो वाचायला गेले होते. त्या दिवशी मी टिपणं घेतली नाहीत.

प्रबंध २०१६ मध्ये मान्य झाला. तोंडी परीक्षेत पाच परीक्षकांनी दोन तास विचारलं आणि शेवटी सेन्सेई म्हणाले, तुझी दोन कपाटं एक झाली. मला वाटलं, झालं.

पुढचं नोकरीचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते बहुतेकांचं सारखंच असतं. जपानमध्ये विद्यापीठांच्या जागा एका सरकारी संकेतस्थळावर जाहीर होतात. प्रत्येक जागेसाठी चरित्र, प्रकाशनांची यादी, तीन मुख्य लेखांच्या प्रती, काय आणि कसं शिकवणार याचा आराखडा, सगळं पाकिटात घालून त्यावर तांबड्या शाईने ‘अर्जाची कागदपत्रं’ असं लिहून रजिस्टरने पाठवायचं. नकाराचं पत्र ‘आपल्या पुढील यशासाठी प्रार्थना करतो’ या ओळीने संपतं. अशी एकोणतीस पत्रं मी जपून ठेवली आहेत. दरम्यान तासिकेवर शिकवायचं. मी तीन शहरांतल्या तीन विद्यापीठांत आठवड्याला आठ तास घेत होते आणि लेख गाडीत लिहीत होते. एका ठिकाणी मुलाखतीत मला विचारलं की जपानच्या पापांबद्दल परदेशी व्यक्तीने शिकवणं विद्यार्थ्यांना कसं वाटेल. मी उत्तर दिलं, पण परतीच्या गाडीत रडले. २०१९ मध्ये एका छोट्या विद्यापीठात पाच वर्षांच्या मुदतीची जागा मिळाली. प्रबंधाचं पुस्तक करायचं आणि शासनाच्या प्रकाशन अनुदानासाठी त्या शरद ऋतूत अर्ज टाकायचा, असं मी २०२० साठी ठरवलं होतं.

मार्चमध्ये आईचं बारीकसं ऑपरेशन होतं म्हणून पंधरा दिवसांसाठी घरी आले. विमानं थांबली. मग जपाननेही परदेशी नागरिकांना, तिथल्या रहिवाशांनासुद्धा, परत येऊ देणं काही महिने बंद केलं. जपानी पासपोर्टवाले जाऊ शकत होते. अकरा वर्षं तिथे राहून, कर भरून, घरात माझी पुस्तकं आणि गॅसवर झाकलेली भांडी तशीच असताना मी जाऊ शकत नव्हते. स्थलांतराच्या इतिहासात नागरिकत्वाची रेघ कशी ओढली जाते हे मी मुलांना शिकवत होते. १९५२ मध्ये शांतता तह लागू होताच जपानमधल्या लाखो कोरियनांचं जपानी नागरिकत्व एका दिवसात संपलं, हे दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. त्या उन्हाळ्यात ती रेघ माझ्या दारासमोरून गेली. त्यांना भोगावं लागलं त्याच्याशी माझी तुलना नाही. पण तो धडा मी आता वेगळ्या आवाजात शिकवते.

तर मी वसाहतीतल्या घरी होते. जपानचा नऊचा तास म्हणजे आपला पहाटे साडेपाचचा. मी ओसरीवर बसून शिकवायची आणि आण्णा, माझे वडील, पलीकडे चहा घेत ऐकत बसायचे. त्यांना जपानी येत नाही. पण पडद्यावर नकाशा आला की ते पुढे सरकायचे.

आण्णा दहा-अकरा वर्षांचे असताना आमचं गाव उठलं. ट्रकमध्ये कणग्या, जाती, गुरं आणि देव घालून सगळे इथे आले. इथे सरकारने आखून दिलेल्या ओळी, त्यांत घरं, आणि नाव काय तर वसाहत. हा आपला शब्द मोठा विलक्षण आहे. धरणग्रस्तांची ती वसाहत, कारखान्यांची ती औद्योगिक वसाहत, आणि इंग्रजांनी केला तो वसाहतवाद. लहानपणी मला वाटायचं की इंग्रज आले तेव्हा त्यांनीही अशाच ओळीने पत्र्याची घरं बांधली असणार. पुढे ब्राझीलला गेले तेव्हा तिथले जपानी वंशाचे लोक आपल्या समाजाला ‘कोलोनिया’ म्हणतात हे ऐकून मी चकित झाले होते. आणि जपानी शोकुमिन या शब्दाची फोड आहे, रोपासारखी लावलेली माणसं.

त्या दिवशीच्या तासाला ओहिनाता होतं. नागानोतलं हे पहिलं गाव, ज्याने आपले दोन भाग केले. १९३७-३८ मध्ये जवळजवळ निम्मी घरं मांचुरियाला पाठवली आणि तिकडच्या वस्तीलाही तेच नाव दिलं, ओहिनाता. याची तेव्हा इतकी वाहवा झाली की इतर गावांनीही तेच करावं म्हणून ते उदाहरण देशभर फिरवलं. युद्धानंतर जे जिवंत परतले त्यांना मूळ गावात जमीन उरली नव्हती. त्यांनी १९४७ मध्ये आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी पुन्हा रान तोडून तिसरी वस्ती केली. तिचंही नाव ओहिनाता. एकाच नावाची ही तीन गावं हा माझ्या प्रबंधाचा कणा होता.

तास संपला. आण्णांनी नकाशा परत मागितला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला.

“हे ओहिनाता म्हंजे त्यांचं जपानातलं नाव ना?”

“हो.”

“मग ह्या जागंचं आधीचं नाव काय?”

मी म्हटलं, तिथे चिनी आणि कोरियन शेतकरी होते, त्यांची जमीन सरकारी कंपनीने पडत्या भावात घेतली. १९३४ मध्ये जमिनीसाठी शेतकऱ्यांचा उठावही झाला होता. हे सगळं माझ्या प्रबंधात आहे, एक पूर्ण प्रकरण आहे.

“त्ये झालं. नाव काय?”

मला सांगता आलं नाही. आण्णा रागावले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “आमचं गाव बुडीत म्हणून तरी कागदावर ऱ्हायलं.” मग बऱ्याच वेळाने, मी विचारलं नसताना, त्यांनी जे सांगितलं ते मी घरात त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. ही आमची जमीन कागदावर पड होती. पण या गावची गुरं तिथे चरायची, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. पहिल्या पावसाला आजोबा पाभर घेऊन गेले, तर एक म्हातारी बांधावर येऊन बसली होती. ती काही बोलली नाही, भांडली नाही. पेरणी होईपर्यंत तीन दिवस रोज येऊन बसायची. “बाबांनी तिला तिसऱ्या दिवशी भाकरी दिली. तिनं घेतली न्हाई.”

जपानी वसाहतकारांना ‘काइताकुदान’ म्हणत. काइताकु म्हणजे पड जमीन लागवडीखाली आणणं. हा शब्द मी दहा वर्षं लिहीत होते, आणि ती जमीन पड नव्हती हेही लिहीत होते. पण बांधावर बसलेलं माणूस मला त्या सकाळपर्यंत दिसलं नव्हतं.

मी माझी नोंदपत्रकं उघडली. काही हजार नोंदी, आणि सगळ्या जपानी तुकडीच्या नावाने लावलेल्या. ओहिनाताच्या पहिल्याच अर्जात पत्ता होता: जिलिन प्रांत, शूलान परगणा, सिजियाफांग. मी ते शेकडो वेळा वाचलं होतं, आणि पाकिटावरचा पिनकोड वाचावा तसं वाचून पुढे गेले होते. नाव कुणी लपवलेलं नव्हतं, मीच त्याला रकाना दिला नव्हता.

अनुदानाचा अर्ज त्या वर्षी टाकला नाही. सेन्सेईंना कळवलं तेव्हा ते फोनवर जरा वेळ शांत होते. मग म्हणाले, मुदतीच्या नोकरीत पुस्तक लांबवणं धोक्याचं आहे, हे तुला माहीत आहे. मला माहीत होतं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, उलट आठ दिवसांनी जुन्या लष्करी नकाशांची एक सूची पाठवली. जपानी सैन्याने परदेशी मुलखाचे जे नकाशे काढले त्यांना ‘गाइहोझू’ म्हणतात. आज ते तिथल्या काही विद्यापीठांत जतन केलेले आहेत. ज्या सैन्याने जमीन घ्यायला मदत केली त्याच्याच मोजणीदारांनी आधीच्या वाड्यावस्त्यांची नावं टिपून ठेवली होती.

शरदात परत गेले. पुढची तीन वर्षं मी नोंदी नव्याने लावल्या. १९३२ मध्ये गेलेल्या पहिल्या सशस्त्र तुकडीच्या गावाचं नाव इयासाका, आधीचं योंगफेंगझेन. दुसऱ्या तुकडीचं चिबुरी, आधीचं छीहूली. अशी एकेक. कुठे जुना नकाशा आणि खरेदीचा कागद जुळत नाही, कुठे एकाच तुकडीखाली सहा वाड्या निघतात, कुठे चिनी स्थानिक इतिहासात नाव सापडतं पण वेगळ्या अक्षरांत. काम अजून निम्मंही झालेलं नाही. दरम्यान २०२३ मध्ये दुसऱ्या विद्यापीठात कायमची जागा मिळाली. पुस्तक पुढच्या वर्षी छापायला जाईल असं दिसतंय, आणि त्याच्या शेवटच्या यादीत पहिला रकाना आधीच्या नावाचा आहे.

आण्णांना आता फार ऐकू येत नाही, पण रविवारी फोन केला की नवीन नाव सापडलं का ते विचारतात. मागे मी त्यांना सिजियाफांगची फोड करून सांगितली. सि म्हणजे चार, जिया म्हणजे कुटुंब, फांग म्हणजे घर. चार कुटुंबांची घरं.

“म्हंजे वाडीच की,” आण्णा म्हणाले.